सदूची गाडी आणि आईची कळशी

माझा धाकटा भाऊ सदाशिव गेल्याची वार्ता मला कोणी शब्दांनी सांगितली नाही. मुलुंडला आम्हां दोघां भावांची बिऱ्हाडे एकाच आळीत. आई सदूकडे राहत असे. त्या दिवशी सकाळची संध्या आटोपून, रात्री त्याचा ताप कसा होता हे विचारावे म्हणून मी निघालो, तो त्याच्या दारातल्या पायरीवर पाण्याने काठोकाठ भरलेली तांब्याची कळशी ठेवलेली दिसली. गेल्या काही वर्षांत ती कळशी त्या पायरीला कधी टेकलेली मी पाहिली नव्हती. खाडीकडच्या देवीच्या विहिरीवरून आई ती सोवळ्याने भरून आणी, वाटेत कोठेही खाली ठेवीत नसे, आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी थेट जाऊन सदूच्या हातात देई. अंथरूण धरल्यावरही तो भिंतीचा आधार घेत कसाबसा बाहेर येई आणि ती घेई. त्या सकाळी कळशी खाली टेकली होती. आई आत भिंतीला पाठ लावून बसली होती. माझ्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "घ्यायला कुणी आलं नाही रे..."

या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणी सदूला ओळखत असेल असे नाही. तो एका कचेरीत कारकून होता, आणि पुढे काही काळ मालवाहू गाडीचा मालक होता. एवढ्यावर कोणाचे नाव राहत नाही. मी शाळेत संस्कृत शिकवतो. वडिलांच्या मागे मीच त्याला वाढवले, अमरकोशाची पहिली पाने मीच त्याच्याकडून घोकून घेतली. पण त्याचे चित्त शब्दांत कधी रमले नाही. घरातले घड्याळ बंद पडले की मी दुसरे घड्याळ पाही, आणि सदू तेच उघडून बसे. "दादा, बंद पडलेली वस्तू खोटं बोलत नाही, फक्त आपल्याला तिची भाषा यायला पाहिजे," असे तो म्हणे. त्याची पत्नी पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेले. पुन्हा विवाहाचा विषय त्याने काढू दिला नाही. त्यानंतर कचेरीतल्या खुर्चीत त्याचा जीव घुसमटू लागला असावा. एके दिवशी त्याने नोकरीचा राजीनामा दिला, हाती आलेले सगळे एकत्र केले, आणि चेंबूरच्या एका गृहस्थाकडून एक जुनी पिकअप गाडी विकत आणली.

ती गाडी मूळची लष्कराची, युद्ध संपल्यावर लिलावात निघालेली. तिचे पेट्रोलचे इंजिन काढून कोणीतरी मागाहून डिझेलचे बसवले होते. डिझेल स्वस्त, आणि आमच्या पूर्वेकडे मिठागरे असल्यामुळे मिठाच्या गोण्या घाटकोपर-चेंबूरच्या दुकानदारांना पोचवण्याचे काम बारमाही, असा त्याचा हिशेब होता. आळीतल्या लोकांनी मात्र त्याला पहिल्याच दिवशी बजावले. शेजारचे नाना तर कठड्यावरून ओरडूनच म्हणाले, "अरे सदू, मीठ वाहणार म्हणतोस, पण मीठच तुझी गाडी खाणार! वर्षभरात पत्र्याची चाळण होईल, पोहे चाळायला वापर!" सदू हसला, परंतु त्याने ते शब्द मनात ठेवले. नळाला गोडे पाणी येई त्या वेळात बादल्या भरून तो रोज गाडी धूत असे. पाटा, चाके, दारांच्या बिजागऱ्या, खालची चौकट... मिठाचा एक कणही तिच्या अंगावर राहू नये म्हणून तो अंगणात पालथा पडून हात पोचेल तिथपर्यंत पुसत असे. त्या सेवेला मी मनातल्या मनात षोडशोपचार पूजा म्हणत असे.

गाडी आली ती दसऱ्याच्या सुमारास, आणि आल्यापासून रुसून बसली. चेंबूरहून मुलुंडपर्यंत धावली आणि अंगणात येताच गप्प झाली. घाटकोपरचे बाबल मेस्त्री मालवणकडचे, त्यांना बोलावले. मी जवळ उभा राहून काही विचारू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, गाडी काय शाळेतला पोर न्हय, कान पिळल्यार बोलतला. जरा गप ऱ्हवा." डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. मेस्त्रींनी पंपावरचा स्क्रू सैल करून फेस येणारे डिझेल निथळू दिले, आणि फेस थांबल्यावर तो आवळला. नेमकी त्याच वेळी आई देवीच्या विहिरीची कळशी घेऊन अंगणात आली. गाडी चालावी म्हणून ती देवीला सांकडे घालून आली होती. "हे तिच्या पोटात घाल," ती सदूला म्हणाली. रेडिएटरमध्ये पाणी कमी होतेच. सदूने ते भक्तीने ओतले. मेस्त्रींनी हँडल फिरवले आणि इंजिन धडधडू लागले. आईने हात जोडले. मेस्त्री सदूकडे पाहून डोळे मिचकावीत म्हणाले, "म्हातारेचा मेस्त्री माझ्यापरास मोठा!" आम्ही सारे हसलो. त्या सकाळी आम्ही तिघेही सुखी होतो, हे मला आज लिहावेसे वाटते.

त्या दिवसापासून आईचा नेम सुरू झाला. गाडी जुनी, रेडिएटर किंचित पाझरे, काही पाणी वाफ होऊन जाई. त्यामुळे रोज सकाळी कळशीभर पाणी त्याला लागतच असे. ते पाणी देवीच्याच विहिरीचे असावे, आणि आईनेच आणावे, असे ठरून गेले. त्या विहिरीविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तिचे पाणी कोणी पीत नाही. देवीच्या स्नानाला आणि देऊळ सारवायला तेवढे ते वापरतात. त्या देवळात तीर्थ देण्याची पद्धत नाही, नुसता अंगारा देतात. "देवीचं पाणी आहे, माणसानं तोंडाला लावायचं नाही," एवढेच वृद्धांकडून आम्ही ऐकलेले. का लावायचे नाही, हे सांगणारे कोणी उरले नव्हते, आणि विचारणे आम्हांला उचित वाटले नव्हते.

पहिले वर्ष गाडीने उत्तम सेवा दिली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती सकाळी उठायला कां कूं करू लागली. तेव्हा सदूने जी शोधयात्रा आरंभली ती मी जवळून पाहिली, आणि त्याच्या स्वभावाचे जे दर्शन मला घडले ते तेव्हाच. तो घाबरला नाही, चिडला नाही. प्रथम त्याने नळ्यांतली हवा काढली. मग डिझेलचे फिल्टर उकलून धुतले. मग मेस्त्रींच्या सल्ल्याने, ज्यातून डिझेलचा फवारा उडतो ते नोझल काढून घाटकोपरला तपासून आणले. प्रत्येक वेळी गाडी थोडी सुधारे, त्याच्या मुद्रेवर उजेड येई, आणि काही दिवसांत ती पुन्हा तशीच. तिच्यातून आता पांढरा धूर निघू लागला होता. मेस्त्री मला म्हणाले, "काळो धूर म्हंजे डिझेल जास्ती. निळो म्हंजे तेल जळता. पांढरो म्हंजे... थांबा, आधी इंजान गरम होवंदे." इंजिन गरम झाले, तरी धूर पांढराच राहिला. मेस्त्रींनी इंजिन बंद केले आणि रेडिएटरकडे बोट दाखवले.

एका रविवारी सदूने तेल मोजायची सळई बाहेर काढली आणि ती मला दाखवली. काळ्या तेलाच्या जागी तिला ताकासारखे पांढुरके काहीतरी लागले होते. "पाणी तेलात जातंय, दादा," तो म्हणाला. इंजिनाचे वरचे झाकण, ज्याला ते हेड म्हणतात, उघडले गेले. मधली गॅस्केटची पातळ पट्टी जळालेली निघाली. आम्हांला हायसे वाटले. रोग सापडला, औषध सोपे होते. नवी पट्टी बसवली, गाडी धावू लागली, सदूने त्या दिवशी घरी श्रीखंड आणले. महिना सरला नाही तोच सळई पुन्हा पांढरी झाली.

त्या काळात आईचे जे चालले होते ते पाहणे कठीण होते. तिने गाडीचा दोष आपल्याकडे घेतला. "माझ्याच हातून काही चुकलं असेल रे. सोवळ्यात कुठे विटाळ झाला असेल," असे ती म्हणे. सदू तिची समजूत घाली, "अगं आई, तुझं काय चुकणार? जुनं लोखंड आहे ते, खोकणारच." पण ती ऐकेना. तिने मंगळवारचे उपवास धरले. विहिरीवर अनवाणी जाऊ लागली. आणि गाडीचे दुखणे वाढले तशी ती एका कळशीच्या जागी दोन खेपा करू लागली. वैशाखातल्या त्या उन्हात, सत्तरी उलटलेली ती वृद्धा, ओल्या लुगड्याने, एकदा कळशी रिती करून पुन्हा खाडीकडे निघे. सदू म्हणे, "आई, एक पुरे." ती म्हणे, "गप रे. आजारी माणसाला जास्तच पाजावं लागतं."

दुसऱ्यांदा हेड उघडले ती दुपार माझ्या स्मरणातून जाणार नाही. शाळेला सुट्टी होती. अंगणात बाबल मेस्त्री, सदू आणि मी. आई आत माळ घेऊन बसली होती. मेस्त्रींनी हेड उचलून बाजूला ठेवले आणि इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, म्हणजे ब्लॉकात, पाणी खेळण्यासाठी ठेवलेल्या वाटांत एक खिळा घातला. तो आत जाईना. त्या वाटा तांबूस-पांढऱ्या खपल्यांनी चोंदलेल्या होत्या. मेस्त्रींनी खपल्या खरवडल्या, तो खालचे लोखंड ढेकळासारखे सुटून आले, आणि जेथे पाण्याची वाट व इंजिनाची पोकळी यांच्यामध्ये भिंत असावयास हवी तेथे बोट जाईल एवढे भगदाड दिसले. "कुसलो हा, सदाभाऊ," मेस्त्री हळूच म्हणाले. "आतसून कुसलो. हेका आता कोणाचोच हात लागूचो नाय."

सदूने विचारले, "वेल्डिंग?"

"ह्या बिडाचा लोखंड. वेल्डिंग केलास तर बाजूक तडकतला."

सदू त्या भगदाडाशेजारी वाकला. मग त्याने खपलीचा एक तुकडा उचलला, बोटांनी चुरला आणि जिभेला लावला. त्याचा चेहरा बदलला नाही. तो उठला. सकाळची दुसरी कळशी गाडीजवळ अर्धी भरलेली होती, तिच्यात त्याने बोट बुडवले, आणि तेही जिभेला लावले. नंतर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुम्ही बघा." मी संकोचलो. त्या पाण्याला तोंड लावायचे नाही हा निषेध माझ्या रक्तात होता. परंतु त्याच्या डोळ्यांत असे काही होते की मी बोट बुडवले. पाणी मचूळ नव्हते, चक्क खारट होते. पावसाळ्यानंतर ती विहीर गोडी होत असावी. गाडी आली तेव्हाही ती गोडीच असेल. माघापासून खाडीचे पाणी तिच्यात झिरपत असले पाहिजे. वृद्धांना हे ठाऊक असावे, म्हणून त्यांनी प्यायची बंदी केली. कारण विसरले गेले, बंदी तेवढी उरली. आणि कोणीच त्या पाण्याला तोंड लावीत नसल्यामुळे ते खारे होते हे कोणालाच कळले नाही. वरून नळाच्या पाण्याने मिठाचा कण न् कण धुऊन काढणारा माझा भाऊ, रोज सकाळी देवाचे नाव घेऊन, आतून तिला मीठ पाजत होता.

मेस्त्रींना सारे कळले होते. त्यांनी कळशीकडे पाहिले, मग घराच्या दाराकडे. सदू त्यांना म्हणाला, "बाबलशेट, हे आईला कळता कामा नये. तुम्हांला शपथ आहे."

"आणि सांगतलास काय?"

"सांगेन, मिठाच्या गोण्यांनी खाल्ली. नानांचं भविष्य खरं झालं म्हणेन. नाना खूश, आई खूश."

हे तो हसून म्हणाला. त्याचे हसणे ऐकून आई दारात आली आणि तिने विचारले, "सापडलं का रे काही?" गोण्यांचे ते उत्तर सदूने गिळले आणि तो म्हणाला, "सापडलं, आई. एक भाग बदलावा लागेल. मेस्त्री शोधतायत. जुना आहे, मिळायला वेळ लागेल." तिने देवीच्या दिशेने हात जोडले. "मिळेल. मी पाणी चालू ठेवते तोवर."

हे वाक्य ऐकल्यावर सदूने जे केले, ते करणे मला साधले असते असे मला वाटत नाही. मेस्त्रींकडून त्याने हेड पुन्हा जागेवर बसवून घेतले, नट आवळून घेतले. जे इंजिन आता कधीही बोलणार नव्हते, त्याचे तोंड त्याने नीट मिटून ठेवले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी ओतावयाचे होते. त्याने मुलुंडमधल्याच एका लहान कारखान्याच्या गोदामात चाकरी धरली. पुन्हा खुर्ची, पुन्हा वह्या. भंगारवाला दोनतीनदा अंगणात आला. "चांगला भाव देतो, साहेब. उभी राहून माती होईल," तो म्हणे. सदू उत्तर देई, "होऊ दे. तिला अजून काम आहे." ते काम कोणते, हे भंगारवाल्याला कसे कळावे? आईची कळशी कोठेतरी रिकामी व्हावयास हवी, एवढ्यासाठी ती गाडी उभी होती. रोज सकाळी तो रेडिएटरचे झाकण उघडी, पाणी ओती, आणि आई विचारी, "गेलं का सगळं आत?" तो म्हणे, "गेलं, आई. सगळं." पाणी खालच्या कुजलेल्या नळीतून मातीत गळून जाई. आईला आता कमी ऐकू येते, आणि मोतीबिंदूमुळे खालचे दिसत नाही.

मी एकदा त्याला म्हणालो की देवीवरच्या आईच्या श्रद्धेला सत्याने बाध येणार नाही, ती समजूतदार आहे. त्याने मान हलवली. "देवीवरच्या नाही, दादा. तिच्या स्वतःच्या हातांवरच्या. देवी काय, सावरून घेईल. पण आपल्या हातांनी लेकाच्या पोटावर पाय आला हे कळलं, तर ती त्या हातांनी पुन्हा काही करणार नाही. जेवणारही नाही." मी आयुष्यभर इतरांना धर्मनिर्णय सांगत आलो, पण आईला खरे सांगण्याचा विषय त्यानंतर पुन्हा काढला नाही.

अशी दोन वर्षे गेली, आणि यंदाच्या आषाढात त्याला ताप भरू लागला. डॉक्टरांनी प्रथम हिवताप म्हणून औषध दिले, मग विषमज्वर म्हणून, मग डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा काविळीचे. त्यांनी प्रयत्नांत कसूर केली नाही, हे सांगितले पाहिजे. सदू उशीवर पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, डॉक्टर अजून फिल्टरच धुतायत. हेड उघडल्याशिवाय कळायचं नाही." मी त्याला रागावलो. तो म्हणाला, "रागावू नका. धूर कसला येतोय ते मला कळतं." ... शेवटच्या संध्याकाळी आई देवघरात असताना त्याने मला जवळ बोलावले. मला वाटले, काही निरवानिरव सांगेल. तो म्हणाला, "आई आहे तोवर गाडी विकू नका. आणि झाकण घट्ट झालंय, फडक्यानं धरून फिरवा. नुसत्या हातानं नाही फिरत." माझ्या धाकट्या भावाचे माझ्याशी झालेले हे अखेरचे बोलणे.

मी त्याच्यासाठी जप केले, अनुष्ठान केले. त्यांचे फळ कोठे गेले ते मी विचारीत नाही. विचारण्याची आपली पात्रता नसते असे मी आजवर इतरांना सांगत आलो, आता स्वतःला सांगतो. पण सकाळी संध्येला बसतो तेव्हा आचमनाचे पाणी तळहातावर घेऊन मी क्षणभर थांबतो. पूर्वी थांबत नव्हतो.

आई हे वाचणार नाही. तिला वर्तमानपत्र वाचून दाखवणारा सदूच होता, आणि ते काम तिने मला अजून सांगितलेले नाही. नाना गेल्या वर्षी वारले. आळीत कोणी हा लेख वाचलाच, तर त्यांनी तिच्यापाशी याचा उल्लेख करू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

सुतक असेतो आईने विहिरीची वाट सोडली होती. मला वाटले होते की आता हा नेम संपला. ज्याच्यासाठी होता तोच राहिला नाही. सुतक फिटले त्याच्या दुसऱ्या सकाळी ती ओल्या लुगड्याने अंगणात उभी होती, कमरेवर कळशी. "मेस्त्रीला तो भाग मिळाला का रे?" तिने विचारले. मी म्हणालो, "शोधतायत, आई." ती म्हणाली, "सदूची गाडी आहे. सुरू झाली पाहिजे." आणि कळशी पुढे केली.

मी ती घेतली. झाकण फडक्याने धरून फिरवले. त्याने सांगितल्याप्रमाणे ते तसेच फिरते. पाणी ओतू लागलो, तसा खाली मातीवर ते गळण्याचा आवाज येऊ लागला. त्या जागी एक पांढरे वर्तुळ उमटले आहे, त्यात श्रावणातही गवत उगवले नाही. आईने मडगार्डवर हात ठेवला होता, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"गेलं का सगळं आत?"

"गेलं, आई," मी म्हणालो. "सगळं."